आतड्याला वेटोळी कोण घालतं? : प्रकल्प नोंदी

एम. एस्सी. प्राणिशास्त्र, सांगली. प्रकल्पाचा विषय: कोंबडीच्या गर्भात आतड्याचा आकार कसा घडतो, निरीक्षण आणि रबरी प्रतिकृती.

५ जानेवारी

विषयाला मॅडमनी होकार दिला, पण कात्री लावून. मी "गर्भावस्थेत अवयवांचे आकार" असं भलंमोठं नाव दिलं होतं. "एक अवयव धर आणि तो नीट कर," म्हणाल्या. हृदय, मज्जारज्जू, फुफ्फुस आणि आतडं एवढे डोक्यात होते. त्यातून आतडं घेतलं.

कारण सांगते. मज्जारज्जूची नळी वळते तेव्हा पेशी एका टोकाने आवळल्या जातात, पाचरीच्या आकाराच्या होतात आणि सपाट पापुद्रा दुमडतो. फुफ्फुसाच्या नळीला फांद्या फुटतात त्या आजूबाजूच्या ऊतीतून येणाऱ्या एफजीएफ-१० या प्रथिनाच्या इशाऱ्याने. दोन्ही सुंदर, पण दोन्ही सूक्ष्मदर्शक आणि महागडी रसायनं यांच्याशिवाय मला दाखवता येणार नाहीत. आतड्याचं तसं नाही. २०११ साली हार्वर्डमधल्या क्लिफ टेबिन आणि एल. महादेवन यांच्या गटाने एक रबरी नळी ताणलेल्या रबरी पडद्याला शिवली, ताण सोडला, आणि कोंबडीच्या पिलाच्या आतड्यासारखी वळणं त्या नळीला आपोआप पडली. हे सांगलीत बसून करता येईल.

९ जानेवारी

विभागाच्या कपाटातल्या पर्मनंट स्लाइड मामांनी काढून दिल्या. कोंबडीचा गर्भ २४, ३३, ४८, ७२ आणि ९६ तासांचा. बी. एस्सी.ला याच स्लाइडच्या आकृत्या काढल्या होत्या, नावं दिली होती आणि मार्क घेतले होते. आज पहिल्यांदा एकच प्रश्न घेऊन बसले: आतडं कुठे आहे?

२४ तासांवर आतडं नळी नाहीच. बलकावर पसरलेला एक सपाट थर आहे. डोक्याकडच्या बाजूने तो खाली दुमडतो, तिथे अन्नमार्गाचा पुढचा भाग तयार होतो. पुढे शेपटीकडूनही तसंच होतं. दोन्हीकडचे खिसे एकमेकांच्या दिशेने वाढत येतात आणि मधला भाग बराच काळ बलकाकडे उघडाच राहतो. म्हणजे आपण पोटात जी नळी घेऊन फिरतो ती दोन टोकांकडून बंद होत आलेली आहे.

तासांबद्दल एक नोंद. उबवणीचं तापमान थोडं इकडेतिकडे झालं की गर्भ मागेपुढे होतो, म्हणून तास बेभरवशाचे. व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये पिलाच्या वाढीचे ४६ टप्पे ठरवले, ते घड्याळावर नाही तर गर्भावर काय दिसतं त्यावर. मी दोन्ही लिहीत जाणार.

९६ तासांच्या स्लाइडवरही वेटोळी नाहीत. ती पुढच्या दिवसांत पडतात. मामांनी खालच्या कप्प्यातून फॉर्मॅलिनच्या जुन्या बरण्या काढल्या. त्यांत मोठे गर्भ आहेत, त्यावर पुढचं काम.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला नांद्र्याला मावशीकडे गेले आणि येताना गावरान अंडी घेऊन आले. दुकानातली अंडी चालत नाहीत, कारण लेअर फार्मवर कोंबडाच नसतो, अंडं फलित नसतं. मावशीचं गणित सोपं आहे: "खुडूक कोंबडीखाली ठेवलं की चार दिसांनी बॅटरी लावून बघायचं. लाल रेघा दिसल्या तर ठेवायचं, न्हाई तर काढायचं."

संध्याकाळी अंडी इनक्युबेटरमध्ये ठेवली. ३७.५ ते ३८ अंश, तळाशी पाण्याची बशी. अंडी आडवी, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण.

१७ जानेवारी

७२ तास झाले. एक अंडं उघडलं. रुंद टोकाला बारीक छिद्र पाडून सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर पांढरं काढून घेतलं, म्हणजे गर्भ कवचापासून खाली सरकतो. मग वरून कात्रीने खिडकी कापली.

हृदय चालू होतं. नुसत्या डोळ्यांनी दिसतं. लाल ठिपका आवळतो, सुटतो, आणि त्याच्याभोवती बलकावर रक्तवाहिन्यांचं जाळं भरतं. पुस्तकात "सुमारे ३३ तासांपासून हृदयाचे ठोके सुरू" हे वाक्य अनेकदा वाचलं होतं. ते आणि हे यांत फार अंतर आहे. मॅडम, मामा आणि शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागातली दोघं, सगळे खिडकीवर वाकून उभे होते, कुणी बोललं नाही.

आतडं अर्थातच वरून दिसलं नाही.

मॅडमशी बोलून ठरवलं: जिवंत निरीक्षण इथेच थांबवायचं. त्यापुढच्या वयाचे गर्भ बरण्यांतले पुरेत. माझ्या प्रश्नाला नवीन, जवळजवळ पूर्ण वाढलेली पिलं लागत नाहीत, मग ती घ्यायची नाहीत.

२० जानेवारी

बरण्यांतले गर्भ. मोठ्या वयाच्या गर्भात आतड्याची वेटोळी पोटाच्या भिंतीबाहेर, नाळेच्या मुळाशी असलेल्या पिशवीत उतरलेली दिसतात. पोटात जागा नसते म्हणून नळी बाहेर वाढते आणि पिलू कवच फोडण्याच्या थोडं आधी ती आत ओढली जाते. माणसातही हेच होतं: सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडं नाळेत उतरतं, दहाव्याच्या सुमारास परत येतं, आणि या येण्याजाण्यात एकूण २७० अंश फिरतं.

चिमट्याने वेटोळं हलकेच उचलून पाहिलं. प्रत्येक वळणाच्या आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक पडदा पंख्यासारखा पसरलेला आहे. हीच मेसेन्टरी. आतड्याची नळी पाठीच्या भिंतीला हिने बांधलेली असते, आतड्याच्या रक्तवाहिन्या हिच्यातूनच येतात. बी. एस्सी.च्या आकृतीत आम्ही ही तुटक रेषेने दाखवायचो. ज्या गोष्टीने आकार घडवला ती तुटक रेषेत, आणि जिचा आकार घडला ती जाड रेषेत.

२३ जानेवारी

वाचन. मनात शंका होती की आतडं पोटात मावत नाही म्हणून वाकडंतिकडं होत असेल. जागा कमी, नळी लांब, काय करणार! पण हे खरं नाही. हार्वर्डच्या गटाने गर्भाचं आतडं मेसेन्टरीसकट बाहेर काढलं, तरी वेटोळी तशीच राहिली. म्हणजे पोटाची भिंत ती दाबून धरत नाही. मग नळी मेसेन्टरीपासून कापून वेगळी केली, तर नळी सरळ झाली आणि पडदा आक्रसला.

हा प्रयोग मला फार आवडला. दोन्ही गोष्टी एकाच कापाने कळतात: नळी दाबाखाली होती, पडदा ताणाखाली होता. नळी भरभर वाढते, पडदा सावकाश, आणि दोन्ही एकमेकांना कायमचे जोडलेले. पडदा मागे खेचतो, नळीला पुढे जायचं असतं, शेवटी ती वाकते. "वळण घाल" असं नळीला कुणी सांगितलेलं नसतं.

हृदयाशी ताडून पाहिलं. हृदयही आधी सरळ नळी असतं आणि पिलाच्या उजव्या बाजूला फुगून वाकतं (३३ तासांच्या स्लाइडवर हे स्वच्छ दिसतं). पण ती नळी गर्भातून काढून वेगळी वाढवली तरी वाकते. म्हणजे वाकण्याचा निदान पहिला भाग हृदयाच्या स्वतःच्या भिंतीत आहे. आतड्याला शेजारी लागतो. "अवयव असे घडतात" असं एक सरसकट वाक्य लिहायचा मोह अहवालात टाळायचा. प्रत्येक नळीला स्वतंत्र विचारावं लागतं.

गर्भशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी हे एकोणिसाव्या शतकातच म्हटलं होतं की गर्भातल्या घड्या असमान वाढीच्या ताणातून पडतात, आणि समजावायला त्यांनीही रबरी नळ्याच वापरल्या. तेव्हाच्या अनेकांना ते फार ढोबळ वाटलं. मोजमाप यायला शंभराहून जास्त वर्षं जावी लागली.

२९ जानेवारी

मिरज. दवाखान्यांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांतून साहित्य. व्यायामोपचारात वापरतात तो रबराचा पातळ रुंद पट्टा, दोन जाडींचा. लेटेक्सची नळी, बारीक आणि जाड. सलाइनची नळी घेऊ नये, ती वाकण्याऐवजी मोडते आणि मोडली की घडी कायम राहते.

१ फेब्रुवारी

रबर रबराला जोडायचं कसं? चिकटवलं तर डिंकाचा थर कडक होतो आणि नळीचा ताठरपणाच बदलतो. शिवायला हवं. गावभागातल्या आमच्या शेजारच्या काकू फ्रॉक, ब्लाउज, फॉल-पिको सगळं करतात, त्यांच्याकडे गेले. सांगायला सुरुवात केली की पट्टा आधी ताणायचा, तसाच ताणून धरायचा, त्यावर न ताणलेली नळी ठेवायची आणि...

"आणि सोडलं की चुण्या पडतात. अगं, फ्रॉकच्या कमरेला इलॅस्टिक लावतो तेच की हे."

तेच. माझ्या विषयाची इतकी नेमकी मांडणी मी कुठे वाचलेली नाही. कापड जास्त, इलॅस्टिक कमी, शिवण दोघांना सुटू देत नाही. त्यांनी मशीन बाजूला ठेवलं, कारण मशीनची सुई रबर फाडते. हाताने, बारीक सुईने, नळीच्या भिंतीत जेमतेम शिरेल अशी उलटी टीप घातली. धावदोरा नको म्हणाल्या: "धावदोऱ्यात रबर सरकतं, मग एका जागी गोळा होईल." पडदा आणि नळी जागोजागी घट्ट बांधलेली असणं हीच तर इथे अट आहे, आणि ती त्यांनी न सांगता पुरी केली.

पट्टा दोन पाटांच्या मध्ये ताणून मी धरला होता. सोडला. नळी एका झटक्यात वळली. आधी एका अंगाला, मग दुसऱ्या, साधारण सारख्या अंतरावर. काकूंची नात म्हणाली, "साप!"

४ फेब्रुवारी

आता मोजमाप. वळणं सारख्या अंतरावर का पडतात, हा या प्रकल्पाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

पडद्याला बारीक बारीक सुरकुत्या सोयीच्या. वळण जेवढं लहान तेवढं त्याला कमी ताणावं लागतं. नळीला मोठी, सैल वळणं सोयीची, कारण तिला तीव्र वाकवायला जोर लागतो. दोघांच्या ओढाताणीत मधलं एक अंतर ठरतं. ते चार गोष्टींवर आहे: नळीची जाडी, नळीचा ताठरपणा, पडद्याची जाडी, पडद्याचा ताठरपणा. हार्वर्डच्या गटाने याचं सूत्र मांडलं. त्यानुसार नळीची आतली-बाहेरली त्रिज्या दुप्पट केली आणि बाकी सारं तेच ठेवलं, तर दोन वळणांतलं अंतर सुमारे अडीचपट होतं. पडद्याची जाडी दुप्पट केली, तर ते जेमतेम पाचव्या हिश्श्याने कमी होतं. म्हणजे आतड्याची जाडी हा मोठा कारभारी, पडद्याची जाडी लहान.

वाढीतला फरक, म्हणजे आपल्याकडे पट्टा किती ताणला ते, अंतर ठरवत नाही. वळण किती आवळ होणार ते ठरवतो.

माझ्या प्रतिकृतीत दिशा बरोबर येते. जाड नळीची वळणं लांब लांब आणि कमी. जाड पट्ट्यावर किंचित जवळ जवळ. जास्त ताणलं तर वळणांची संख्या फारशी हलत नाही, पण ती जास्त घट्ट मिटतात. नेमके आकडे जुळवायला रबराचा ताठरपणा मोजावा लागेल. भौतिकशास्त्राच्या सरांनी वजनं टांगून मोजायची पद्धत दाखवायचं कबूल केलंय.

त्या गटाने हेच सूत्र कोंबडी, लावा, झेब्रा फिंच आणि उंदीर यांच्या आतड्यांना लावलं, प्रत्येकाचे ऊतीचे गुणधर्म मोजून. आकारमान वेगळं, वेटोळ्यांची संख्या वेगळी, सूत्र एकच, आणि ते जुळलं. पक्षी आणि सस्तन प्राणी वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं झाली. लिहिताना अजून अंगावर काटा येतो.

७ फेब्रुवारी

सकाळी मटणाच्या दुकानात. वजडी साफ करताना बोकडाचं लहान आतडं पडद्यापासून कसं सोडवतात ते पाहायचं होतं. दुकानदार काकांनी एक टोक धरून सुरी पडद्याच्या कडेने चालवली आणि आतडं ओढत गेले. वेटोळी उलगडत सरळ नळी टोपल्यात पडत गेली, हातात उरला तो चरबीच्या रेघांचा, रुमालाएवढा पडदा. एवढ्याशा पडद्याच्या कडेला एवढी लांब नळी बसलेली होती.

"रोजच करतो, पण असं कुणी बघायला आलं नव्हतं," म्हणाले. फोटो काढू दिला.

११ फेब्रुवारी

विभागात सादरीकरण. मॅडमचा प्रश्न अपेक्षित होता तरी नेमका जागेवर लागला: "सगळं रबरानेच होतं, तर जनुकांचं काम काय?"

उत्तर असं दिलं. जनुकं वळणांचा नकाशा देत नाहीत. ती नळीची आणि पडद्याची वाढ आणि ताठरपणा ठरवतात. टेबिन यांच्याच गटातल्या लोकांनी २०१७ मध्ये दाखवलं की बीएमपी नावाच्या संदेशवाहक प्रथिनांचं प्रमाण मेसेन्टरीत वाढवलं तर ती आणखी सावकाश वाढते, ताण वाढतो आणि पिलाच्या आतड्याला जास्त, आवळ वेटोळी पडतात. बीएमपी अडवलं तर वेटोळी कमी होतात. जनुक बदललं, त्याने ताण बदलला, ताणाने आकार बदलला. मधली पायरी गाळून "अमुक जनुकामुळे अमुक आकार" असं लिहिणं मला अपुरं वाटतं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ते सर्रास लिहिलेलं असतं.

दुसरा प्रश्न एका ज्युनिअरचा: पहिलं वळण कोणत्या बाजूला हे कसं ठरतं? रबराला डावं-उजवं नाही. खरं आहे. ते आधीच ठरलेलं असतं. मेसेन्टरीच्या डाव्या अर्ध्या भागात पिटएक्स-२ हे जनुक चालू असतं. तिथल्या पेशी दाटतात, उजवीकडच्या विरळ होतात, आणि नळी डावीकडे कलते. सुरुवातीचा कल जनुकांच्या हाती आणि पुढची वेटोळी ताणाच्या, असं म्हणता येईल.

१६ फेब्रुवारी

मिरजेत लहान मुलांच्या एका सर्जन डॉक्टरांची वेळ मिळाली. मी प्रतिकृती घेऊन गेले. त्यांनी ती हातात घेऊन पडद्याचं बूड चिमटीत पकडलं आणि नळीचा अख्खा गुंता गोल फिरवला. "माझ्याकडे बाळं येतात ती अशी."

गर्भात आतडं २७० अंश नीट फिरलं नाही, तर मेसेन्टरीचं बूड रुंद बसायच्या ऐवजी अरुंद राहतं. मग त्या देठाभोवती आतड्याला पीळ पडू शकतो आणि रक्तपुरवठा तुटतो. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर ही शक्यता आधी तपासायची, वाट पाहायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि प्रदर्शनातल्या फलकावर लिहायला लावलं. पीळ सोडवून मेसेन्टरीचं बूड रुंद करायची शस्त्रक्रिया विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये मांडली. आजही ती त्यांच्याच नावाने होते.

फलकाचा मजकूर: "तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात." सर्वांत मोठ्या अक्षरात.

२० फेब्रुवारी

काकूंनी प्रदर्शनासाठी जास्तीच्या प्रतिकृती शिवून दिल्या. पैसे घेईनात. शेवटी फलकावर त्यांचं नाव घालायचं ठरलं, त्यावर तयार झाल्या.

२८ फेब्रुवारी

राष्ट्रीय विज्ञान दिन. आजूबाजूच्या शाळांतली मुलं आली होती. स्लाइड फार थोड्यांनी पाहिल्या, प्रतिकृती सगळ्यांनी ओढली. मी पट्टा ताणून नळी सरळ दाखवायचे, सोडायचे, वळणं पडायची, मुलं पुन्हा ताणायला मागायची.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, शिवण उसवली तर?"

कात्री तिच्याच हातात दिली. तिने टाका टाका कापत नेला. जिथवर कापलं तिथवर नळी सरळ, पुढे वळणं तशीच. शेवटचा टाका तुटला तसा पट्टा आक्रसून तिच्या बोटांवर बसला. तिने लगेच दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून लांबी ताडून पाहिली: "नळी केवढी मोठी आहे!" २०११ च्या प्रयोगात याच दोन लांब्या मोजल्या होत्या.

काकू दुपारी आल्या. बाया प्रतिकृतीपाशी थांबल्या की त्याच समजावून सांगत होत्या, मी मागे उभी राहिले.

५ मार्च

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पट्ट्याच्या फिती कापून वजनं टांगली. अहवालातला तक्ता आता भरता येईल.

पुढचा टप्पा मॅडमनी सुचवला: नळीच्या आतला भाग. आतड्याच्या आतल्या अस्तरावर अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे असतात, व्हिलाय. २०१३ मध्ये पिलाच्या गर्भात दाखवलं गेलं की तेही ताणातूनच पडतात. आठव्या दिवसाच्या सुमारास नळीभोवती गोल स्नायूंचा थर येतो. आतलं अस्तर वाढत असतं, पण त्याला बाहेर फुगता येत नाही, म्हणून त्याच्या लांबीने सरळ घड्या पडतात. तेराव्याच्या सुमारास लांबीच्या दिशेने स्नायू येतात आणि त्या घड्या नागमोडी होतात. सोळाव्याच्या सुमारास आणखी एक थर येतो आणि घड्यांचे सुटे उंचवटे होतात. स्नायूंचा थर काढून टाकला तर घड्या पडत नाहीत.

आणि इथे गोष्ट उलटी फिरते. उंचवटा उभा राहिला की त्याच्या टोकाशी संदेशवाहक प्रथिनं एकवटतात, आणि त्यामुळे नवीन पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी टोकाला टिकत नाहीत, तळाशीच उरतात. म्हणजे आधी पेशींच्या वाढीने आकार घडला, मग आकाराने पेशींना जागा नेमून दिल्या.

याची प्रतिकृती करायला आत फुगणारं आणि बाहेरून न ताणणारं असं दोन थरांचं साहित्य हवं. पाण्यात फुगणारं जेल एका कडक नळीत ओतून पाहायचं आहे. नळी पारदर्शक हवी, म्हणजे घड्या पडताना दिसतील. मामा म्हणाले, रसायनशास्त्राच्या स्टोअरमध्ये जुन्या काचेच्या नळ्या पडून आहेत, उद्या किल्ली मागून आणतो.